कॅथेटरच्या पट्टीची उघडी पाकिटे : कंपनीला पाठवलेले तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : डायलिसिस कॅथेटरवर लावायच्या पारदर्शक पट्ट्यांची पाकिटे सीलला उघडी निघाल्याबाबत

महोदय,

माझ्या वडिलांचे सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस असते. डाव्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडण्याचे ऑपरेशन) केला आहे, पण तो तयार होईपर्यंत मानेच्या उजव्या शिरेत घातलेल्या परमकॅथवरच, म्हणजे डायलिसिसच्या कॅथेटरवरच, सगळे चालले आहे. त्याची नळी छातीवर जिथून बाहेर येते, ती जागा झाकायला तुमच्या पट्ट्यांचा १० नगांचा सीलबंद बॉक्स साताऱ्यात घेतला.

गॉजची पट्टी दोन दिवसांनी बदलावी लागते. एरवी सेंटरमधल्या सिस्टर बदलतात. अडते ते शुक्रवार ते सोमवार, कारण घरी कॅथेटरला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. म्हणून बॉक्सवरचे 'सात दिवसांपर्यंत' वाचून गॉजच्या कितीतरी पट पैसे मोजले. पहिल्याच शनिवारी सकाळी वडील बनियन चढवत होते, तर पट्टीचा कोपरा गुंडाळला आणि डिंकाला बनियन चिकटले. आईने घाबरून बनियनच कापले. (कॅथेटरजवळ कात्री नेली म्हणून सिस्टर नंतर तिच्यावर रागावल्या, तेही बरोबरच.)

'त्वचा ओली असेल,' असे तुमच्या हेल्पलाइनचे म्हणणे. सिस्टर क्लोरहेक्सिडिन-स्पिरिट हे जंतुनाशक पूर्ण वाळू देतात, स्वतः मास्क लावतात, वडिलांनाही लावायला लावतात. तरीही तेवढ्यावरच असते तर हवेला दोष देऊन, कडेने पेपर टेप लावून धकवले असते. पावसाळ्यात आमच्याकडे पापडही मऊ पडतात.

पण पाचव्या पट्टीच्या वेळी सिस्टरनी पाकीट ट्यूबलाइटसमोर धरले. एका बाजूने ते चिकटलेलेच नव्हते. पेनाची रिफिल सहज आत जाईल एवढी फट. उरलेल्या पाच पाकिटांतली आणखी दोन तशीच निघाली. 'पाकीट उघडे असल्यास वापरू नये' हे त्यावर तुम्हीच छापले आहे.

पहिली चार पाकिटे कधीच कचऱ्यात गेली. ती नीट बंद होती का, हे आता कोण सांगणार? चौथी पट्टी लावली त्या आठवड्यात डायलिसिस सुरू होऊन अर्धा तासही झाला नव्हता, तोच वडिलांना हुडहुडी भरली, ताप चढला. रक्तात जंतू आहेत का ते पाहायला रक्त कल्चरला पाठवले, अँटिबायोटिक सुरू झाले. हे तुमच्या पट्टीमुळेच झाले असे मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण जंतू रक्तात गेले तर कधी कधी नळीच काढावी लागते, हे तुमच्यासारख्यांना मी सांगायला नको.

यावर हेल्पलाइनने पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली. ती नको. या बॅचच्या सीलची तपासणी करा, ती होईपर्यंत दुकानांतला माल थांबवा आणि काय आढळले ते १५ दिवसांत लेखी कळवा. नाहीतर इंडियन फार्माकोपिया कमिशनच्या मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे आणि ग्राहक आयोगाकडे मी तक्रार करणार आहे.

बिलाची प्रत आणि बॅच नंबरचा फोटो सोबत जोडला आहे; माझे नाव, पत्ता बिलावर आहे. उघडी पाकिटे कुरिअरने पाठवणार नाही. तुमच्या माणसाने येऊन, पावती देऊन दोन न्यावीत. तिसरे माझ्याकडे राहील.

कळावे,
आपला ग्राहक