ब्लेझर, पैठणी आणि तुझं ते काळं घड्याळ

चि. मनू,

काल रात्री तू इंटरव्ह्यूसाठी ब्लेझर घालून फोटो पाठवलास, खाली विचारलंस बाबा हे घड्याळ यावर चालेल का, आणि मी नुसता अंगठा पाठवून मोकळा झालो. तेव्हा दुकान बंद करत होतो, शटर अर्धं खाली, चष्मा खिशात, खरं सांगायचं तर नीट बघितलंच नाही. जेवण झाल्यावर फोटो मोठा करून बघितला तर कोटाची बाही त्या घड्याळावर अडकून वर चढलीय आणि एक हात दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड शिवल्यासारखा दिसतोय. म्हणून तो अंगठा परत घेतोय. तुझी आई पण म्हणाली, गिऱ्हाइकाला पट्टा बदलताना अर्धा तास लेक्चर देता आणि पोरीला अंगठा? तर हे घे लेक्चर. लांब आहे, पीएमटीत बसायला जागा मिळाली की वाच.

आधी एक सांगतो म्हणजे गैरसमज नको, घड्याळ वाईट नाहीये. इंटर्नशिपच्या पैशातून घेतलंस, ते घालून यवतेश्वरचा घाट चढून उतरलीस, एकवीस किलोमीटर पळून आल्यावर पाणी प्यायच्या आधी मनगटावरचं बटण दाबलंस ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ते तुझं आहे, मिरवायला घेतलेलं नाही, आणि मला असल्या घड्याळाचा आदर आहे. दुकानात महागडी घड्याळं घेऊन येणारे लोक असतात ना, डायव्हरचं घड्याळ, दोनशे मीटर खोल पाण्यात चालेल असं डायलवर लिहिलेलं, आणि साहेब बेसिनवर हात धुताना सुद्धा काढून खिशात ठेवतात. त्यांच्यापुढं तुझं बरं.

आता तुझ्या मैत्रिणी म्हणतात फॉर्मलवर स्पोर्ट्स वॉच म्हणजे शोभत नाही, आणि तुझा दादा म्हणतो आजकाल सगळं चालतं. दोघांचंही मला पटत नाही. म्हणजे बघ, हा शोभण्याचा नियम करणारे लोक स्वतःच दर वीस-तीस वर्षांनी तो बदलत आलेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी साहेब लोकांत पुरुषानं मनगटावर घड्याळ बांधणं हेच हसण्यासारखं होतं, मनगटावरचं घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना, पुरुषाचं ते साखळीला लावून खिशात. पहिल्या महायुद्धात खंदकात बसलेल्या शिपायाला एका हातात बंदूक धरून दुसऱ्या हातानं खिशातलं घड्याळ काढत बसणं जमेना, तेव्हा ते मनगटावर आलं आणि मग तेच फॉर्मल झालं. म्हणजे मनगटी घड्याळाच्या बाबतीत तुम्ही बायका आधी, आम्ही मागून. हे दादाला सांग.

आणि ते रिव्हर्सो नावाचं चौकोनी घड्याळ असतं, तू नेटवर बघ, सुटाखाली घालायचं सगळ्यात सोज्वळ घड्याळ कुठलं असं विचारलंस तर दहातले चार जण तेच सांगतील. ते जन्माला आलं आपल्या इथल्या पोलो ग्राउंडमुळं. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश ऑफिसरांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, मग कंपनीनं १९३१ मध्ये असं घड्याळ काढलं की खेळताना डायल सरकवून उलटं फिरवायचं, काच आत आणि स्टीलची पाठ बाहेर. आता सांग, ते स्पोर्ट्स वॉच का फॉर्मल? घोड्यावरून उतरून जेवायच्या टेबलावर पोचायला त्याला काही वर्षं लागली एवढंच.

तुला आवडेल अशी एक गोष्ट अजून आहे. मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची बाई, टायपिस्ट होती, इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली ब्रिटिश बाई, १९२७. तिनं खाडी पार केल्यावर दुसऱ्या एका बाईनं खोटाच दावा केला की मी पण पोहले आणि हिच्याहून लवकर पोहले, नंतर ते खोटं निघालं पण लोक हिच्याकडं पण संशयानं बघायला लागले. मग ही परत पाण्यात उतरली, ऑक्टोबरच्या गारठ्यात, आणि या वेळी गळ्यात रोलेक्सचं नवीन वॉटरप्रूफ घड्याळ. दहा तासांच्या वर पाण्यात होती, शेवटी थंडीनं सुन्न झाली म्हणून बाहेर ओढून काढावं लागलं, खाडी पुरी झाली नाही, पण घड्याळ चालू होतं. कंपनीनं पुढच्याच महिन्यात लंडनच्या पेपरात पहिल्या पानावर जाहिरात ठोकली. पोहली ती आणि नाव झालं घड्याळाचं, असो. आज तेच नाव सुटाच्या बाहीतून मुद्दाम एक बोट बाहेर काढून लोक दाखवतात.

मग तू म्हणशील, एवढं आहे तर अंगठा परत कशाला घेतला. थांब, तेच सांगतोय.

१९९६ साली मी तुझ्या आईला बघायला गेलो तेव्हा हातात कॅसिओचं डिजिटल होतं, ते पातळ काळं, आजही दुकानात रोज एक तरी येतं. टेरिकॉटची पँट, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि हातात ते. मला वाटलं मॉडर्न दिसतंय. पोहे झाले, चहा आला, तुझ्या आईचे आजोबा काहीतरी शेतीचं विचारत होते आणि बरोबर पाच वाजता ते घड्याळ बीप-बीप वाजलं. दर तासाला वाजायचं, मी बंदच केलं नव्हतं. मी दचकलो, सवयीनं मनगटाकडं बघितलं, बशीतला चहा पँटवर, आणि आजोबांना वाटलं पाहुण्यांना गाडी गाठायचीय म्हणून ते काठी घेऊन उठलेच. बैठक तिथंच मोडली. लग्न जमलं ते पुढं माझ्या काकांनी परत जाऊन बोलणी केली म्हणून. तुझी आई अजून म्हणते, शर्ट कुठला होता आठवत नाही, बीप आठवतंय.

आणि हे काही जुन्या काळातलंच नाही. माझे एक वकील गिऱ्हाईक आहेत, मुलानं स्मार्टवॉच दिलं म्हणून कोर्टात घालून गेले. साक्षीदाराची उलटतपासणी चालू असताना मनगट थरथरलं, यांनी बघितलं, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचा मेसेज. जज साहेब शांतपणे म्हणाले, वकीलसाहेब, घाई आहे का? दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं आले आणि ड्रॉवरमधलं जुनं चावीचं घड्याळ सर्व्हिसिंगला टाकून गेले. आता त्यांची दोन आहेत, एक फिरायला जायचं आणि एक कोर्टाचं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे मनू, की घड्याळ कसं दिसतं ते जरा बाजूला ठेव आणि ते तुझ्या हाताला काय करायला लावतं ते बघ. इंटरव्ह्यूत समोर तीन माणसं बसलीत, तू उत्तर देताना हात हलवतेस, तुला सवय आहे, आणि हात वर झाला की तुझ्या घड्याळाचा दिवा लागतो. ते तिघं डोळे तिकडं फिरवणार. मेसेज आला की ते थरथरणार आणि तू कितीही ठरवलंस तरी नजर खाली जाणार, कारण ते घड्याळ बनवलंयच त्यासाठी की तू बघावंस. समोर कुणी बोलत असताना घड्याळ बघणं म्हणजे आवरा आता, हे जगात सगळीकडं एकच आहे. म्हणून तर विलायतेत जुन्या पद्धतीच्या बड्या मेजवान्यांना घड्याळच घालायचं नाही असा रिवाज होता, यजमानाला वाटू नये की पाहुणा कंटाळला.

दुसरी गोष्ट जाडी. हे कुणी बोलत नाही, सगळे रंगावर आणि पट्ट्यावर बोलतात. मी दुकानात व्हर्नियर लावून मोजतो. कॅसिओच्या दणकट जी-शॉकचं ते चौकोनी जुनं मॉडेल आहे ना, ते १३.४ मिलिमीटर भरतं. माझ्या अनुभवानं बटण लावलेल्या कफखाली आठ-नऊपर्यंतचं घड्याळ सरकन जातं, त्याच्या वर अडकायला सुरुवात. तुझ्या घड्याळात तर खाली नाडी मोजायचा तो हिरवा दिवा पण आहे, त्याचा फुगवटा वेगळा. मग बाही अडकते, तू ती खाली ओढतेस, परत अडकते, परत ओढतेस, आणि समोरच्याला वाटतं पोरगी घाबरलीय. घाबरलेली नसताना घाबरलेली दिसायचं, ते पण एका घड्याळामुळं, कशाला?

बाकी रबरी पट्टा, काळा रंग, प्लास्टिक, याचं मला काही वाटत नाही. बिल क्लिंटन अमेरिकेचे प्रेसिडेंट असताना सुटावर टाइमेक्सचं आयर्नमॅन घालायचे, पळायचं घड्याळ, प्लास्टिकचं. लोक हसले पण म्हणून त्यांचं कुठलं काम अडलं नाही. अर्थात ते आधीच प्रेसिडेंट झालेले होते. तू पण नोकरी लागल्यावर रोज खुशाल घाल, सहा महिन्यांनी तुझं काम बघितलेल्या माणसाला तुझ्या मनगटाशी काही देणं-घेणं नसतं. फक्त मीटिंगला ते डू नॉट डिस्टर्ब लावायची सवय ठेव. इंटरव्ह्यूच्या पाऊण तासाला मात्र दुसरं.

आणि तू म्हणालीस ना की नुसता पट्टा चामड्याचा लावला तर? नको. त्या जाड काळ्या डबीला तपकिरी चामड्याचा पट्टा म्हणजे लुंगीवर टाय. पाचशे रुपये मी आनंदानं गल्ल्यात टाकले असते पण तू माझी मुलगी आहेस म्हणून खरं सांगतोय.

ताईच्या रिसेप्शनचं पण विचारलं होतंस, पैठणीवर. तिथं माझं मत उलटं आहे, घाल. आत्या बोलणार, अगं हे काय मुलांसारखं, बांगड्या कुठायत, ते मी बघतो. दादा जोधपुरीवर केवढं थोरलं काळं ताट बांधून फिरणारय, त्याला कुणी एका शब्दानं विचारणार नाही हे मी आजच लिहून देतो. उलट एक फायदा सांगू, चेनच्या घड्याळाच्या कड्यांत पदराची जरतार अडकते आणि दोरा ओढला जातो, लग्नसराईत असल्या किती बायका चेन तोडून द्या म्हणून मांडवातून थेट दुकानात आल्यात, रबरी पट्ट्यात जरतार अडकत नाही. पण त्या हातात काचेच्या बांगड्या घालू नकोस, आपटून फुटतील. बांगड्या उजव्या हातात, घड्याळ डाव्या. आणि त्या दिवशी पावलं मोजशीलच, पंगतीत वाढताना दहा हजार सहज होतील.

आता इंटरव्ह्यूचं. तुला वाटत असेल बाबा आता आजोबांचं एचएमटी काढणार आणि डोळ्यात पाणी आणणार. नाही. ते ड्रॉवरमध्ये आहे, चावी दिली की चालतं, पण दिवसाला चार मिनिटं मागं पडतं, मी दोनदा उघडलं, मशीन झिजलंय. ते घालून गेलीस तर पोचशील उशिरा आणि सांगशील वारसा आहे. आईचं टायटन आहे, पांढऱ्या डायलचं, चपटं, तिनं लग्नानंतर दोन-चार वर्षांनी घेतलेलं, नवीन सेल टाकलाय, काच पॉलिश केलीय, सेकंदाला पण चुकत नाही. आई लगेच हो म्हणाली, वर म्हणाली की तसंही हल्ली मी मोबाइलमध्येच बघते. तिला ते चेनचं सैल होतं म्हणून मी मागं दोन कड्या काढल्या होत्या, तुझं मनगट तिच्याहून बारीक का जाड ते मला सांगता येत नाही, लहानपणीचं माहितीय फक्त. म्हणून एक कर, साधा दोरा मनगटाला गुंडाळ, हाडाच्या जरा वर, घट्ट नको, मग पट्टीवर ठेवून किती मिलिमीटर ते मेसेज कर. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं येतेयस ना, त्याच्या आत पाठव म्हणजे कड्या बसवून ठेवतो, ती बारीक पिन आता पहिल्यासारखी झटकन दिसत नाही मला, भिंग लावून पण वेळ लागतो.

आणि मोजताना ते काळं घड्याळ काढून ठेवशील तेव्हा बघ, पळून पळून उन्हानं हात रापलाय आणि घड्याळाच्या जागी मनगटावर पांढरा गोल आणि पट्टा जसाच्या तसा उमटलाय, फोटोत दुसऱ्या कोनातून दिसला मला. आईचं टायटन त्याच्या निम्मं आहे. ते झाकलं जाणार नाही, आणि कुणी विचारलंच तर किती किलोमीटर ते सांग.

दोरा आठवणीनं.

बाबा