आमच्या डिस्टिलरीतला वायू गुजरातमधल्या गंधारच्या तेलविहिरींना द्या

प्रति,
मा. केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

सांगली जिल्ह्यात तेलाची एकही विहीर नाही आणि इथल्या काळ्या कातळाखाली ती लागेल अशी आशाही कुणी धरलेली नाही. तरी पत्र तेलविहिरींबद्दलच लिहितोय, कारण जुन्या विहिरींना जो कार्बन डायऑक्साइड वायू हवा आहे तो आम्ही हंगामभर आकाशात सोडून देतो.

मी वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. घरचा ऊस असल्यामुळे सभासदही आहे. मळीत यीस्ट सोडलं की काही तासांत फर्मेंटर, म्हणजे आंबवण्याची टाकी, खदखदू लागतो. साखरेचं वजनाने निम्मं अल्कोहोल होतं आणि जवळपास निम्म्याचा कार्बन डायऑक्साइड. एक लिटर इथेनॉलमागे साधारण पाऊण किलो वायू निघतो. म्हणजे रोज १ लाख लिटर काढणाऱ्या डिस्टिलरीतून दिवसाला ७५ टन. टाकी धुवायला माणूस उतरवण्याआधी आम्ही बराच वेळ ब्लोअर चालू ठेवतो, मग दोरीला गॅस मीटर बांधून तळापर्यंत सोडतो. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी दबा धरून बसतो, आणि वासावरून कळत नाही. घाई केली तर माणूस वर येत नाही.

तोच वायू पाण्याने धुऊन त्यातला अल्कोहोलचा अंश काढला की ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध मिळतो. कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमणीत त्याचं प्रमाण १२ ते १५ टक्के असतं आणि तो बाकीच्या वायूंतून वेगळा काढण्यातच बहुतेक खर्च जातो. आमच्याकडे ते काम यीस्टने आधीच करून ठेवलंय, तेही बिनपगारी! थोडा वायू सोडावॉटर आणि ड्राय आइससाठी विकला जातो, पण त्या बाजाराला किती लागणार?

विहिरीत त्याचं काम काय, ते आपल्या खात्याला मी सांगायला नको, वाचकांसाठी लिहितो. तेल आधी स्वतःच्या दाबाने वर येतं, मग पाणी ढकलून काढतात. एवढं करूनही निम्म्याहून जास्त तेल बहुधा खडकाच्या बारीक छिद्रांतच अडकून राहतं. पुरेशा दाबाखाली कार्बन डायऑक्साइड त्या तेलात मिसळतो, तेल फुगतं, पातळ होतं आणि सरकायला लागतं. तेलाबरोबर वर आलेला वायू वेगळा करून पुन्हा खाली सोडतात. फेरीगणिक त्यातला बराचसा खालीच राहतो. टेक्सासमध्ये हे १९७२ पासून चालू आहे. कॅन्ससमध्ये तर इथेनॉल कारखान्याचाच वायू पाइपातून तेलक्षेत्रात जातो. आपल्याकडे जादा तेल काढण्याच्या पद्धतींना सवलती देणारं धोरण २०१८ मध्ये आलं. गुजरातमधल्याच कोयली रिफायनरीतला वायू भरूच जिल्ह्यातल्या गंधारच्या विहिरींत सोडण्यासाठी इंडियन ऑइल आणि ओएनजीसी यांनी २०१९ मध्ये करारही केला. या सगळ्यात साखरपट्टा कुठेच नाही, याचं मला नवल वाटतं.

अंतराची अडचण खरी आहे. इथून गंधार साडेसहाशे-सातशे किलोमीटर. वायू थंड करून, दाबाखाली द्रव करून टँकरने न्यावा लागेल. २० टनांचा टँकर जाऊन-येऊन साधारण टनभर कार्बन डायऑक्साइड डिझेलच्या धुरातून सोडेल, द्रव करायला लागणारी वीज वेगळी. तरीही जमेची बाजू मोठीच राहते. प्रयोगासाठी टँकर पुरेत, पाइपलाइनचा विचार नंतर करता येईल.

मात्र या तेलाला कुणी ‘हरित’ म्हणू नये. १ टन वायू खाली घातला की ढोबळमानाने २ ते ३ पिंपं जादा तेल मिळतं, आणि एक पिंप जाळलं की सव्वाचारशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड परत हवेत. जेमतेम तोंडमिळवणी. आमच्या बाजूने एवढंच, की हा कार्बन आडसाली उसाने दीड वर्षात हवेतूनच घेतलेला आहे, खाणीतून उपसलेला नाही. देश ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो. ती गरज भागवायचीच असेल तर थोडं तेल जुन्याच विहिरींतून का निघू नये?

म्हणून मागणी अशी: गंधारच्या आराखड्यात सांगली-साताऱ्यातल्या दोन-तीन डिस्टिलऱ्यांचा वायू प्रयोगापुरता घ्या. टनाला किती भाव ते आधीच जाहीर करा, आणि त्या पैशाचा वाटा ऊसदरात कसा दिसेल तेही लिहून द्या. नाहीतर इथेनॉलचं जे झालं तेच होईल. टँकर गेटाबाहेर पडताना दिसतात, पण आमच्या बिलात त्यांचा पत्ता नसतो. वायू गेटावर मोजा आणि विहिरीच्या तोंडाशीही मोजा.

एक गोष्ट मात्र करू नका. आइसलँडमध्ये पाण्यात विरघळवलेला हा वायू बेसाल्टमध्ये, म्हणजे आमच्यासारख्याच काळ्या कातळात, सोडून त्याचा दगड केला, म्हणून आमच्या कातळात लगेच भोकं पाडायला येऊ नका. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप इथल्या म्हाताऱ्यांनी अंगावर घेतलाय. जमिनीखाली दाबाने द्रव सोडला की दबलेले भेग-पट्टे सरकू शकतात, हे जगात इतरत्र दिसलंय. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारचीच भूगर्भ संशोधन प्रयोगशाळा आहे, कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल विवर घेऊन तिने अभ्यास केलाय. त्यांना विचारल्याशिवाय इथे काही नको.

गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होतं. त्याआधी खात्याचा एखादा अभियंता पाठवलात, तर फर्मेंटरच्या व्हेंटवर फ्लोमीटर लावून आकडे समोरच काढून देऊ.

आपला,
वाळवा तालुक्यातला एक डिस्टिलरी केमिस्ट व ऊस उत्पादक सभासद