सई, घोडी पाहून आलो

इंदापूर,
सोमवार, रात्री

प्रिय सई,

तू पाठवलेला पांढऱ्या घोड्याचा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला, आईनेही पाहिला. घोडा देखणा आहे. नुकरा, गुलाबी नाकाचा, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, आणि हलगीच्या ठेक्यावर पाय उचलतोय. तुझ्यासाठी तो घ्यायचा नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र वाचताना तुझा जीव टांगणीला राहायला नको. तो 63 इंची आहे. रिकिबीत पाय घालायला तुला ओटा शोधावा लागेल. आणि हलगीवर नाचायला शिकवलेला घोडा वरातीत शोभतो. तुला कॅनॉलच्या कडेने एकटीने फिरायचंय. वाटेत कुणाच्या लग्नात हलगी वाजली की हा थेट मांडवात शिरायचा.

आता माझी बातमी. काल फलटणच्या बाजूला कामाला गेलो होतो. येताना माळावर धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा फिरता तळ, हलत होता. पुढे मेंढरं, मागे बिऱ्हाड लादलेल्या तीन घोड्या. मधली कुमाईत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. तिच्या पाठीवर वाघर (मेंढरं कोंडायची जाळी), भांडी, दोन कोंबड्या आणि जाळीतून माना काढलेली तीन कोकरं. चारीतून वर चढताना तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, ढिला झाला आणि सगळा बोजा एका अंगाला घसरून तिच्या पोटाखाली गेला. पातेली दगडावर आदळली, कोंबड्या फडफडल्या, एक कोकरू तिच्या मागच्या पायांत लोंबकळत ओरडायला लागलं. घोडी जागच्या जागी थांबली. तिचे कान मागे वळले, कातडी थरथरली, पण पाय हलला नाही. घरधनीण पुढे मेंढरांत होती. तिला येऊन गाठी सोडायला पाच-सात मिनिटं तरी लागली असतील. तोवर घोडी तशीच उभी. मी गाडी कडेला लावली ती तिथेच.

तुला वाटेल, बाबा एवढ्यावर भाळले. पण मी एकदा भाळून चांगलाच पोळलोय, तुझ्या जन्माआधी. एका मोठ्या बाजारात अबलख घोडा घेतला होता. तेव्हा मला लक्षणांचं फार वेड. गळ्याखाली देवमण, म्हणजे केसांचा शुभ भोवरा, होता, पायावरचा भोवरा खाली तोंड केलेला, म्हणजे खुंटेगाड. असा घोडा मालकाची खुंटी घट्ट रोवतो म्हणतात. व्यापाऱ्याने रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगितला आणि मी वर दोन हजार जास्त मोजून आलो. बाजारात पोरं त्याच्या पोटाखालून पळत होती, एवढा गरीब. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सुस्ती उतरली आणि त्याने तुझ्या काकाला असं फेकलं की गळपट्टीचं हाड मोडलं. गुरांचे डॉक्टर म्हणाले, बाजारात उभा करताना काहीतरी टोचलं असणार. भोवरे मात्र सगळे शुभ होते.

तेव्हापासून मी भोवरे शेवटी बघतो. आणि घोडा बाजारात न बघता तो जिथे राबतो तिथे, न कळवता जाऊन बघतो. आज सकाळी तसाच पुन्हा गेलो.

आक्का (ती घरधनीण, मी त्यांना आक्काच म्हणतो) चुलीपाशी होत्या. घोडी मोकळी चरत होती. त्यांनी नुसती हाक मारली, ती आली. मी तोंड उघडून दात पाहिले. खालचे मधले चार झिजून खळगे बुजलेत, कडेच्या दोन दातांत अजून आहेत, म्हणजे वय सातच्या आसपास. आक्का म्हणाल्या, "धाकल्याच्या लग्नाच्या साली झाली." हिशेब जुळला. व्यापारी सांगतात ते वय आणि दात सांगतात ते वय क्वचित जुळतं.

मग पाय. चारही नळ्यांवरून हात फिरवला. कुठे सूज नाही, गरम लागत नाही. खूर काळे, टणक, नाल कधी लागलेलाच नाही. दगडी वाटेवर धाकल्याला तिच्यासोबत दुडक्या चालीने पळवलं. दुखऱ्या पुढच्या पायावर भार पडला की घोडं डोकं वर झटकतं, ते मी वीस पावलं जाताना आणि वीस येताना बघितलं. डोकं स्थिर होतं. तंगाच्या जागी मात्र केस पांढरे उगवलेत, जुन्या जखमेची खूण. ओठांचे कोपरे मऊ आहेत, कारण लगाम तिला माहीतच नाही. तोंडाभोवती दोरीची मोरखी एवढंच. मला हे उलट बरं वाटलं. काटेरी लगामाने तोंड दगड झालेलं घोडं सुधारायला वर्षं जातात. तो लगाम कायद्याने बंद आहे, तरी बाजारात लटकलेला दिसतो.

उंची 52 इंच. छातीचा घेर 150 सेंटिमीटर आणि छातीच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत 135. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11880, असा वजनाचा ढोबळ हिशेब आहे. करून बघ, 255 किलोच्या थोडं वर येतं. घोड्याने सामानासकट आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर ओझं नेऊ नये, म्हणजे 51. तू 43, खोगीर 7. आज बसतंय. दोन-तीन वर्षांत बसणार नाही आणि तेव्हा ही घोडी धाकट्या चिनूकडे जाईल, हे आत्ताच ठरवून घे. तुझं वाढायचं वय आहे. घोडीसाठी तू मेसमध्ये एक पोळी जरी कमी खाल्लीस असं कानावर आलं, तर सौदा रद्द.

हो, जात विचारशील. ही भीमथडी. भीमेच्या थडीची, म्हणजे काठची, म्हणून भीमथडी. आपल्या राज्यगीतात ज्या तट्टांचं नाव येतं, ती ही. अरबी-तुर्की रक्त आणि इथली तट्टं यांच्या संकरातून तयार झाली म्हणतात. मराठी फौजांना हीच परवडायची. कोंडा खाऊन, घाट चढून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी. 1818 ला पेशवाई गेली, फौजा मोडल्या, पागा ओस पडल्या. त्यानंतर ही घोडी कुणी राजा-सरदाराने नाही, धनगरांनी बिऱ्हाडाखाली जगवली. दोन-तीन वर्षांपूर्वी कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. आता लोक तिच्याकडे बघायला लागलेत, भावही चढायला लागलाय. या घोडीजवळ जातीचा कसला कागद नाही. मला कागदावर बसायचं नाही आणि तुलाही नाही.

आता खोट. ती एकटी राहत नाही. दुसऱ्या घोडीला नजरेआड नेलं तर खिंकाळून माळ डोक्यावर घेते, घामाघूम होते. जन्मापासून मेंढरांत, कोंबड्यांत, माणसांत वाढलीय. एकटं राहणं तिला ठाऊकच नाही. तू हॉस्टेलवर, आम्ही दिवसभर रानात, आणि ती गोठ्यात एकटी, हे चालायचं नाही. आक्का म्हणाल्या, सोबतीला शेळी बांधा, रमेल. मी दोन शेळ्या म्हणतोय. आई म्हणते, घोडी एक आणि शेण तिघांचं. तिचं ते बोलणं होकाराचंच आहे, तू ओळखतेस.

शिवाय घोडी गाभण असू शकते. वाड्याबरोबर एक घोडा हिंडतो. अकरा महिन्यांचा मामला असतो. डॉक्टर बुधवारी तपासणार आहेत, तेव्हाच रक्तही काढतील. ग्लँडर्सचा अहवाल आल्याशिवाय मी तिला आपल्या दावणीला आणणार नाही. तो रोग माणसालाही होतो. धनुर्वाताची लस आणि जंताचं औषध आपल्याकडे. गाभण निघाली तर शिंगरू होऊन ते अंगावरून तुटेपर्यंत स्वारी बंद, तू नुसता खरारा करायचास. चालेल का, मला फोनवर नको, विचार करून सांग.

आक्कांनी 70 हजार सांगितले. मी घासाघीस केली नाही. पाच-दहा हजारांनी खाली आल्या असत्या, पण ज्या बाईने आपणहून खोट सांगितली तिच्याशी रुमालाखालची बोटं मला खेळवेनात. 1100 रुपये इसार दिलाय. इसार घेताना त्या म्हणाल्या, "बसनारी पोरगी कुटं हाय? ती बगितल्याबिगर मी न्हाय देत." त्यामुळे सौदा अजून तुझ्यावर अडलाय.

दिवाळी झाली की वाडा कोकणात उतरेल आणि मग जूनपर्यंत घोडी दिसायची नाही. म्हणून शनिवारी दुपारच्या एसटीने ये. जीन्स घालू नकोस, मांडीच्या शिवणी सोलतात. ती जुनी सुती सलवार आण आणि टाचेचे बूट. हेल्मेट मी घेऊन ठेवलंय, सायकलचं नाही, घोड्याचं. तिथे गेल्यावर घोडीकडे धावत जाऊ नकोस. आधी आक्कांच्या चुलीपाशी बस, त्या देतील तो चहा पी, शेळीच्या दुधाचा असतो, तोंड वाकडं करू नकोस. घोडी तुझा वास घ्यायला आपणहून येते का, ते बघायचंय. मलाही आणि त्यांनाही.

तुझे
बाबा

ता. क. नाव ठरवत बसू नकोस. तिला नाव आहे. आक्का तिला चांदणी म्हणतात.