हात काढ कीबोर्डवरचा

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, झोप आता" म्हणून फोन ठेवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

गळीत हंगाम भरात होता. वजनकाट्याच्या सर्व्हरचं नेटवर्क कार्ड संध्याकाळी जळालं. कपाटात नवं होतं, ते बसवलं आणि तिथून खरी रात्र सुरू झाली. कार्डाचा हिरवा दिवा लागलेला, ईथटूल (कार्डाची अवस्था दाखवणारी आज्ञा) सांगतंय लिंक आहे, वेग १००० मेगाबिट, फुल डुप्लेक्स म्हणजे येणं-जाणं एकाच वेळी. आणि पिंग केलं, म्हणजे दुसऱ्या मशीनला हाक मारून बघितली, की 'होस्ट अनरीचेबल', समोरचं मशीन सापडत नाही. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेलेली, काट्यावर हाताने पावत्या फाडणं चालू. काट्याचा कॉम्प्युटर बंद पडला की शेतकऱ्याच्या मनात पहिला शब्द येतो तो काटामारी. दोघांनी तर तोंडावर विचारलं. त्यांच्या जागी मीही विचारलं असतं.

रात्री दीडपर्यंत मी तीन केबली बदलल्या, स्लॉट बदलला, ड्रायव्हर दोनदा काढून घातला. आता सगळी सिस्टीमच नव्याने टाकायची म्हणून पेनड्राइव्ह खोचून बसलो होतो. तेव्हा मित्र म्हणाला, "सासऱ्यांना लावतो फोन. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत, झोप तशीही नसते त्यांना."

तुमचं पहिलं वाक्य, "हात काढ कीबोर्डवरचा." दुसरं, "आज काय बदललंस?" मी केबली, ड्रायव्हर मोजायला लागलो. "ते बंद पडल्यावरचं झालं. त्याच्या आधी?"

कार्ड.

"बरं. आता टीसीपीडम्प लाव, तारेवरून येणारं-जाणारं सगळं दिसेल, आणि काय दिसतंय ते मला वाचून दाखव. काही करू नकोस, नुसतं वाच."

काट्यावरचा पीसी दर सेकंदाला विचारत होता, १९२.१६८.१०.५ (हा सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता) कोण आहे? माझा सर्व्हर लगेच सांगत होता, मी आहे, हा माझा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तेच उत्तर. सात-आठ वेळा वाचल्यावर तुम्ही थांबवलंत. "तुला त्याचं ऐकू येतंय. तुझं त्याच्यापर्यंत जात नाही. हजारावर लिंक लागलीय म्हणजे केबलच्या चारही जोड्या धड आहेत, आणि त्याच जोड्यांवरून येणं-जाणं दोन्ही होतं. मधला कोणीतरी तुझं बोलणं गिळतोय."

मधला म्हणजे स्विच, सगळ्या मशीनच्या केबली जिथे जोडतात तो डबा. त्याचा पासवर्ड ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराचा फोन बंद. मी तिथेच खचलो होतो, खरं सांगतो. तुम्ही मात्र शांतपणे विचारलंत, "जळालेलं कार्ड टाकलंस कुठे?"

भंगाराच्या खोक्यातून ते काढलं. पाठीवरच्या स्टिकरवर मॅक पत्ता, बारा अक्षरं, त्यातलं एक धुळीने पुसट. 'बी' की '८', यावर मोबाइलच्या टॉर्चखाली आपण दोघांनी पाच मिनिटं घालवली. पहिल्या तीन जोड्या कंपनीच्या असतात, नव्या कार्डाशी ताडून बघ, असं तुम्ही सुचवलंत. दोन्ही कार्डं एकाच कंपनीची, तीच सुरुवात. 'बी' निघाला. मग इंटरफेस खाली घेतला, नव्या कार्डाला जुना पत्ता दिला, वर आणला. स्क्रीनवर तोच प्रश्न आला, तेच उत्तर गेलं, आणि प्रश्न परत आला नाही. त्याच्या जागी काट्याचा डेटा धावायला लागला. मी फोनवर जे ओरडलो त्याबद्दल काकूंची माफी मागायची आहे.

दुसऱ्या दिवशी अकराला ठेकेदार आला. स्विचच्या ज्या पोर्टमध्ये (खाचेत) सर्व्हरची केबल होती, त्यावर पोर्ट सिक्युरिटी लावलेली, एकच मॅक पत्ता चालेल, आणि तो जुन्या कार्डाचा चिकटवून ठेवलेला. वर मोड 'प्रोटेक्ट'. म्हणजे अनोळखी पत्त्यावरून आलेलं सगळं टाकून द्यायचं, पोर्ट चालू ठेवायचा आणि लॉगमध्ये अवाक्षर लिहायचं नाही. निदान 'रिस्ट्रिक्ट' असता तरी नोंद सापडली असती. लावणाऱ्याने हे कुठेही लिहून ठेवलं नव्हतं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

चालतंय तर राहू दे उसना पत्ता, असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही रागावलात. मशीन रीस्टार्ट झालं की तो जाणारच होता. शिवाय उद्या ते जुनं कार्ड दुरुस्त होऊन दुसऱ्या मशीनमध्ये बसलं, तर एकाच नेटवर्कवर एकाच पत्त्याचे दोघे आणि स्विच गोंधळलेला. स्विचमधली जुनी नोंद काढली, नवी घातली, कार्डाचा मूळ पत्ता परत दिला. त्याची बारा अक्षरं रॅकच्या दारावर आतून चिकटवली आहेत, पोर्टच्या नंबरासकट.

पुढच्या आठवड्यात मित्र तुमच्याकडे येतोय, त्याच्याबरोबर काकवीची बरणी पाठवतोय. साखर कारखान्यातला माणूस गुऱ्हाळाची काकवी पाठवतोय, हे आमच्या साहेबांना कळू देऊ नका.

आपला,
वजनकाट्यावरचा पोरगा