ब्रिजमागे टेकवलेल्या एका बोटाबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

गिटार घरी आणून आठवडा झाला, तरी तुमच्या दुरुस्तीच्या टेबलापाशी घालवलेली ती दहा मिनिटे मनातून जात नाहीत, म्हणून हे पत्र.

तळहाताने तारा दाबून सूर तोडला तरी मागे एक बारीक किणकिण रेंगाळते, एवढीच माझी तक्रार होती. ती घेऊन मी आधी दोन कारागिरांकडे गेलो होतो. पहिल्याने ती पुरती ऐकूनही न घेता पिकअप, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग, बदलायला लावले. किणकिण जशीच्या तशी राहिली. दुसऱ्याने ट्रॅपीझ टेलपीस (तारांची टोके गिटारच्या बुडाशी धरून ठेवणारी चौकट) काढून स्टॉपबार (तेच काम करणारी, पण गिटारच्या अंगावर लाकडात रोवलेली आखूड पट्टी) बसवल्याशिवाय गत्यंतर नाही असे सांगितले आणि तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजमागे चिकटपट्टी लावून, भोके कुठे पाडायची त्या जागी पेन्सिलीने दोन फुल्याही मारल्या. एकही सूर न ऐकता ड्रिल उचलायला निघालेल्या त्या माणसाच्या आत्मविश्वासाचे मला अजून नवल वाटते.

तुम्ही केबल बाजूला ठेवलीत, मला नुसतेच वाजवायला सांगितलेत आणि ब्रिज व टेलपीस यांच्यामधल्या तारांवर आपली तर्जनी आडवी टेकवलीत. किणकिण थांबली. बोट उचललेत, ती परत आली. तीन-चार वेळा हे झाल्यावर तुम्ही एवढेच विचारलेत, "यातले तुला कोणते हवे?" इतके दिवस प्रत्येकजण मला काय ऐकू यायला हवे ते सांगत होता, मला काय ऐकू येते आणि त्यातले काय आवडते, हे विचारणारे तुम्ही पहिलेच. आपली जाण खिशात ठेवून आधी समोरच्याच्या कानाला मान देणे, हा सभ्यपणा मला कसबाइतकाच दुर्मीळ वाटतो.

बाकीचे तुम्ही ओघात समजावलेत. ट्रॅपीझमध्ये तारा पार बुडाच्या कडेपर्यंत जातात. ब्रिजमागचा लांब तुकडा आपणहून निनादतो, तारांचा कोन उथळ राहिल्याने ब्रिजवरचा दाब कमी पडतो आणि सुराला एक मोकळी, हवेशीर गोलाई येते. स्टॉपबार गिटारच्या पोटातल्या मधल्या लाकडी ठोकळ्यात रोवलेला असल्याने तिथला सूर अधिक ठाम आणि सहसा अधिक टिकाऊ. सुरात लावलेल्या तारेचा ताण दोन्हीकडे सारखाच असतो, पण बेंड करताना, म्हणजे तार बोटाने आडवी सरकवून सूर चढवताना, मागचा लांब तुकडाही ताणला जातो, म्हणून ट्रॅपीझवर तार मऊ लागते आणि तोच सूर गाठायला बोट जास्त सरकवावे लागते. माझे बेंड नेहमी किंचित खाली का राहत, हे मला तेव्हा कळले. गिब्सन कंपनीने १९५८ साली ईएस-३३५ ही अर्धपोकळ इलेक्ट्रिक गिटार आणली ती स्टॉपबारसह, १९६०च्या दशकाच्या मध्यावर तिला ट्रॅपीझ लावला आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा स्टॉपबार आणला, हे ऐकल्यावर तर 'गत्यंतर नाही' या शब्दांचे हसूच आले.

मी गोलाई ठेवून किणकिण घालवायला सांगितले. फेल्टची एक अरुंद पट्टी ब्रिजमागच्या तारांतून खालीवर ओवून तुम्ही ते काम संपवलेत. मग ती फुल्यांची चिकटपट्टी नखाने हळूच सोडवलीत आणि तिची गोळी करून माझ्या हातावर ठेवलीत. ती अजून गिटारच्या केसमध्ये आहे.

आपला कृतज्ञ,
एक गिटारवादक