माशांच्या व्हाइट स्पॉट रोगावरच्या तुमच्या औषधाने माझ्या ६ गोगलगायी मेल्या, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, घरी दोन फुटी टँक आहे, साधारण ५० लिटरचा, त्यात गप्पी मासे आणि ६ गोल्डन मिस्ट्री स्नेल, म्हणजे पाण्यातल्या गोगलगायी, होत्या. आता एकही स्नेल नाही. मागच्या आठवड्यात नवीन गप्पींबरोबर व्हाइट स्पॉट आला म्हणून दुकानदाराने तुमची बाटली दिली, पुढे मोठ्या अक्षरात लिहिलंय, गोड्या पाण्याच्या सगळ्या टँकसाठी सेफ. १० लिटरला १ एमएल ह्या तुमच्याच हिशोबाने मी सिरिंजने मोजून ५ एमएल टाकलं, एक थेंब जास्त नाही.

रात्री सगळ्या गोगलगायी काचेवरून चढत पाण्याबाहेर यायला लागल्या. मला वाटलं हवा घ्यायला आल्या असतील, कारण ह्यांना कल्ल्याबरोबर फुप्फुसासारखा अवयवही असतो, सोंडेसारखी नळी वर काढून श्वास घेतात, आई रोज दुपारी खुर्ची ओढून तेच बघत बसायची. सकाळी चार तळाला पडलेल्या, शंखाचं झाकण सैल, अंग बाहेर लोंबतंय, बोट लावलं तरी आत घेईनात. सगळ्यात मोठी मी वाटाण्याएवढी आणलेली, उकडलेली काकडी आणि शंखासाठी समुद्रफेनाचा तुकडा घालून लिंबाएवढी केली होती, ती उचलली आणि वासानेच कळलं. उरलेल्या दोन दुपारपर्यंत गेल्या. गप्पी मात्र ठणठणीत.

मग बाटली परत बघितली. मागे एमआरपीचं स्टिकर नखाने खरवडलं तर खाली बारीक अक्षरात कॉपर सल्फेट. म्हणजे मोरचूद! जळगावच्या मामांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, अगं गोगलगायी मारायलाच मोरचूद वापरतात. जे मामांना माहीत ते औषध बनवणाऱ्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तुमच्या हेल्पलाइनवर मुलगा म्हणाला, मॅडम प्रॉडक्ट फिशसाठी आहे, स्नेलची जबाबदारी आमची नाही. मग पुढे सगळ्या टँकसाठी कशाला छापता? एक ओळ लिहिली असती तरी मी स्नेल आधी बादलीत काढल्या असत्या, किंवा औषधाऐवजी आधी हीटर ३० डिग्रीवर लावून व्हाइट स्पॉट जातो का ते पाहिलं असतं.

बिल आणि बाटलीचा फोटो जोडलाय. पैसे परत द्याच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाटलीच्या पुढच्या बाजूला गुजराती आणि हिंदीत ठळक छापा की टँकमध्ये गोगलगाय किंवा झिंगे असतील तर हे औषध टाकू नका, आणि दुकानात पडलेल्या जुन्या मालावरही तसं स्टिकर लावा.

अजून एक, आणि ह्याचं उत्तर लवकर हवंय. टँकच्या झाकणाला आतून गुलाबी अंड्यांचा पुंजका चिकटलेला आहे, औषधाच्या पाच दिवस आधी घातलेला, ह्या अंडी पाण्याच्या वर घालतात म्हणून तेवढा वाचला. दोन-तीन आठवड्यांत पिल्लं फुटून खाली पाण्यात पडतात. मी दोनदा अर्धं पाणी बदललं, औषध शोषायला फिल्टरमध्ये कार्बन घातला, पण तुमचं कॉपर खडीत आणि काचेच्या सिलिकॉनमध्ये किती दिवस राहतं, खडी टाकून द्यायची की धुऊन चालेल, हे रविवारच्या आत कळवा, नाहीतर मला झाकणासकट तो पुंजका दुसऱ्या टँकवर न्यावा लागेल आणि तो टँक अजून माझ्याकडे नाही.

तुमची ग्राहक,
दांडिया बाजार, वडोदरा