फणस आडवा झालाय तर

दापोली,
१० सप्टेंबर

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र परवा मिळालं. परसातला फणस पडल्याचं वाचून वाईट वाटलं. त्याचे गरे मीही कमी खाल्ले नाहीत. पण ‘ओंडके दिवाळीपर्यंत तसेच ठेवतो, वाळले की फोडीन’ असं लिहिलंयस, ते मात्र करू नकोस. आत्ताच फोड. तो गाढवपणा मी करून बसलोय.

निसर्ग वादळ आलं ते ३ जून २०२० ला, आणि पाठोपाठ पाऊस. आमचे दोन आंबे, एक फणस आणि चार माड गेले. वीज नाही, सिलिंडर संपत आलेला. जळण ढीगभर, पण सगळं ओलंगच्च. मी ओंडके रचले आणि चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली. शेजारचे तात्या छत्री सावरत आले, बघून म्हणाले, “काय रे, थंडी वाजत्ये काय त्यांना?” मी हसण्यावारी नेलं. गणपतीच्या तोंडावर ताडपत्री उचलली तर आंबूस वास, आंब्यावर पांढरी बुरशी, सालीखालून पिठासारखा भुसा. निम्मं जळण तिथेच गेलं. उरलेलं चुलीत घातलं की टोकाला फेस यायचा, सूं सूं आवाज करत नुसतं धुमसायचं. आईनं डोळे पुसत काय काय ऐकवलं ते लिहीत नाही.

मग तात्यांकडूनच शिकलो. साल पाणी धरून ठेवते. ते जातं कापलेल्या तोंडातून आणि फोडलेल्या अंगातून. म्हणून हातभर लांबीचे तुकडे कर आणि त्यांची मनगटाएवढी फाटी काढ. ओला असताना फणस त्यातल्या त्यात निमूट फुटतो, वाळला की गाठी कुऱ्हाड परतवतात. मोठ्या ओंडक्याच्या मधोमध घाव घालू नकोस, कडेकडेने ढलप्या काढत आत जा. चीर पडली की पाचर बसवून घणाने ठोक. चीक पात्याला धरतो, आधीच खोबरेल चोळ. बेचक्यांशी झटू नकोस, शिमग्याला होळीत जातील. पुढेमागे माड पडला तर त्याच्याही नादी लागू नकोस. त्याच्या तंतूंत कुऱ्हाड रुतली की अर्धा तास तीच सोडवत बसायचं.

रचताना खाली चिरे, त्यावर बांबू, भिंतीपासून वीतभर लांब. वर पत्रा, बाजू उघड्या. अर्थात पावसात हवाच इतकी दमट की पुरतं वाळायचं नाहीच. उद्यापरवाला लागेल तेवढं चुलीवरच्या माळ्यावर चढवत राहा. खरं वाळतं ते ऑक्टोबरच्या उन्हापासून पुढे. मी आंब्याच्या एका फाट्यावर कोळशाने खूण करून ते काट्यावर घातलं होतं. फोडलं तेव्हा ४ किलो २००, चैत्रात २ किलो ७००! टोकांना चिरा पडल्या होत्या, दोन फाटी एकमेकांवर आपटली की खणखणीत वाजत होती. ओली असतात तेव्हा नुसतं थप्प.

दसऱ्याला येतोय. माझी कुऱ्हाड आणतो, कारण तुझीचा दांडा मागच्या खेपेलाच खुळखुळत होता. तोवर वापरणार असशील तर आधी त्याला नीट पाचर मार, नाहीतर पातं उडून गोठ्यात जाईल.

वहिनींना नमस्कार. आठळ्या उरल्या असतील तर ठेव.

तुझा,
अण्णा